इंग्रजी शिकूच, पण मराठीच्या ओट्यावर बसून!

गिरणीतल्या आणि मागावरच्या बंधू-भगिनींनो,

"कामगाराला इंग्रजी कुठून येणार?" हा प्रश्न तुम्ही आयुष्यभर ऐकलात. साहेबाने विचारला, वकिलाने विचारला, बँकेतल्या बाबूने विचारला, आणि आता तर पोरीला शाळेत घालायला गेलो की फाटकावरची बाईही विचारते. आम्ही आज या पत्रकातून उलटा प्रश्न टाकतो. ज्या माणसाने तीस वर्षे थ्रॉसल खात्यात काढली, ज्याच्या तोंडात स्पिंडल, बॉबिन, बीम, सायझिंग, वाइंडिंग, जॉबर, मस्टर, ओव्हरटाइम, बोनस, फंड, ग्रॅच्युइटी हे शब्द भाकरी-कालवणासारखे बसले आहेत, त्याला इंग्रजी येत नाही असे म्हणणारे हे टिकोजीराव कोण? लॉकआउट या शब्दाचा अर्थ ऑक्सफर्डच्या पंडिताला पुस्तकातून कळला असेल. आमच्या बायाबापड्यांना तो चुलीवरच्या रिकाम्या पातेल्यातून कळला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्या दिवसापासून स्ट्राइक हा शब्द या महाराष्ट्रात कोणाला शिकवावा लागला नाही.

तेव्हा कामगाराच्या पदरी इंग्रजीचे शब्द नाहीत हे खोटे. त्याच्या पदरी इंग्रजीचे वाक्य नाही, हे खरे. शब्द गिरणीने दिले. वाक्य शाळेने द्यायचे होते, ते दिले नाही. आणि ते का दिले नाही, कोणी अडवले, आणि आता देण्याच्या नावाखाली काय धंदा चालला आहे, हेच आम्हाला सांगायचे आहे.

वाक्य न येण्याची किंमत किती पडते ते बघा. मुंबईत 1991 साली विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यातला 58 क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनीचा. ढोबळ मानाने त्याचा अर्थ असा की गिरणीच्या जमिनीवर नवे बांधकाम करायचे तर तिचे तीन वाटे व्हावेत: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली या नियमात दुरुस्ती झाली. मोर्चा नाही, गोळीबार नाही, आरडाओरडा नाही. चार इंग्रजी शब्द इकडचे तिकडे झाले. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर जिच्यावर इमारत उभी नाही तेवढ्या मोकळ्या जमिनीचीच, असा अर्थ झाला. आता गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती? ज्याने खाती पाहिली आहेत, गोदामे पाहिली आहेत, धुराडे पाहिले आहे, त्याला सांगायला नको. 2005 साली उच्च न्यायालयात निकाल लोकांच्या बाजूने लागला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. नियम इंग्रजीत, दुरुस्ती इंग्रजीत, युक्तिवाद इंग्रजीत, निकाल इंग्रजीत. ज्याच्या घराचा तो सवाल होता तो मात्र बाहेर फूटपाथवर उभा राहून विचारत होता, "साहेब, काय झालं हो आत?"

म्हणून आम्ही त्या मंडळींपैकी नाही, जी म्हणतात कामगाराला इंग्रजी हवे कशाला. असे म्हणणाऱ्यांना आम्ही चांगले ओळखतो. त्यातले काही आमच्याच व्यासपीठावर बसतात. माय मराठीचा जयजयकार करून घसा बसला की घरी जाऊन नातवाचा कॉन्व्हेंटचा गणवेश इस्त्रीला देतात! दुसऱ्याच्या पोराने मराठीची पालखी वाहायची आणि स्वतःच्या पोराने इंग्रजीच्या मोटारीत बसायचे, हा भाषाभिमान नव्हे. ही वतनदारी आहे.

आणि ही वतनदारी जुनी आहे. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी, सहावी, सातवी या वर्गांतून इंग्रजी काढून टाकले आणि ते आठवीत सुरू होऊ लागले. हेतू चांगला होता असे म्हणतात, असेल. पण परिणाम कोणाच्या अंगावर पडला? गिरणी कामगाराचा मुलगा त्या काळी आठवीपर्यंत पोहोचतच नव्हता. तो सातवीची फायनल देऊन, किंवा त्याच्याही आधी, बापाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून फाटकावर उभा राहायचा. म्हणजे ज्याने शाळा लवकर सोडली त्याला इंग्रजीचे एक अक्षरही नाही, आणि ज्याच्या बापाकडे पैसा त्याला पहिल्या दिवसापासून इंग्रजी शाळा उघडी. 1954 च्या जानेवारीत सरकारने एक फर्मान काढले खरे, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाच आणि अँग्लो-इंडियन व परदेशी वंशाच्या मुलांनाच घ्यावे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढले. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच होता. पण शेवटी हिशेब काय उरला? श्रीमंतांचे दार न्यायालयाने उघडे ठेवले, गरिबाचे दार सरकारने बंद ठेवले.

पुढे महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीला आले, आणि 2000 सालच्या जूनपासून शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. तेव्हा पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी किती गहजब केला! आम्ही तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो: निर्णय गरिबाच्या बाजूचा होता. वाण्याच्या पोराला पहिलीत मिळते ते हमालाच्या पोराला पहिलीत का नको? चूक निर्णयात नव्हती, तयारीत होती. ज्या गुरुजीने आयुष्यात इंग्रजीत एक वाक्य मोठ्याने उच्चारले नाही, त्याच्या हातात पुस्तक ठेवले आणि म्हणाले, शिकवा! गुरुजी बिचारे 'ए फॉर ॲपल' म्हणत राहिले. अहो, ॲपल काश्मीरचे. नाशिकच्या पोराला 'जी फॉर ग्रेप्स' सांगा, 'ओ फॉर ओनियन' सांगा; लासलगावच्या बाजारात गाडी घेऊन जाणाऱ्याचा पोरगा ते जन्मात विसरणार नाही. मालेगावच्या माग चालवणाऱ्याच्या पोराला 'बी फॉर बॉबिन' सांगा, तो तुम्हालाच बॉबिन कशी भरतात ते दाखवील.

आता मुद्द्यावर येतो. ज्याला इंग्रजीचे ओ की ठो येत नाही, अशा कोऱ्या माणसाला इंग्रजी शिकवायचे कसे?

आजच्या बाजारात उत्तर तयार आहे. म्हणे, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचे. वर्गात मातृभाषेचा शब्द काढाल तर दंड! नाशिकच्या गल्लीबोळात, सिडकोत, सातपूरला, पत्र्याच्या शेडखाली असल्या शाळा निघाल्या आहेत. नाव कुठल्या तरी इंग्रज संताचे, फी कामगाराच्या महिन्याच्या पगाराला भोक पाडणारी, आणि शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला पगार मिळतो मोलकरणीइतका व इंग्रजी येते दोन पुस्तकांपुरते. पोरगी घरी येते, धडा घडाघडा म्हणते. आई कौतुकाने विचारते, "म्हंजी काय गं?" पोरगी गप्प. तिला अर्थ कोणी सांगितलाच नाही! विज्ञान पाठ, इतिहास पाठ, गणिताचे उदाहरणसुद्धा पाठ. ना धड मराठी, ना धड इंग्रजी. आणि मोठ्या माणसांसाठी तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची दुकाने आहेतच. तीस दिवसांत फाडली जाते ती फक्त पावती.

ही 'मातृभाषा बंद' पद्धत आली कुठून? अमेरिकेत बर्लिट्झ नावाच्या गृहस्थाने 1878 साली भाषा शिकवण्याची शाळा काढली आणि तिथे ही तऱ्हा गाजली. पैसे मोजून येणारी मोजकी मोठी माणसे, आणि समोर ती भाषा जन्मापासून बोलणारा शिक्षक. त्या थाटात ती चालली असेल. आपल्याकडे वर्गात पन्नास-साठ पोरे आणि शिक्षकाचीच भाषा लंगडी, तिथे ही पद्धत म्हणजे पोहता न येणाऱ्याने पोहता न येणाऱ्याला गंगापूर धरणात ढकलणे आहे.

आणि खुद्द इंग्रज मराठी कसे शिकला? हा प्रश्न या इंग्रजीच्या दुकानदारांना विचारा म्हणजे त्यांची बोबडी वळते. साहेब हिंदुस्थानात उतरला तेव्हा मराठीच्या बाबतीत तोही कोराच होता. त्याला नोकरीत कायम व्हायला देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे. मग तो 'मराठीतूनच मराठी' शिकला काय? नाही! त्याने आधी आपल्या भाषेत आपल्यासाठी साधने तयार केली. कॅप्टन मोल्सवर्थने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60 हजार शब्द होते. मराठी शब्द आणि त्यासमोर इंग्रजीत अर्थ. शेजारी दोन्ही भाषा जाणणारा पंडित बसवला. आपल्या आईच्या भाषेचा काठ धरूनच तो आपल्या भाषेत उतरला. त्याला जे शहाणपण होते ते आमच्या पोरांच्या बाबतीत गुन्हा का ठरते? आमच्या नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला अनंत कान्हेऱ्यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद थिएटरात गोळी घातली, तो आपल्या भाषांचा जाणकार म्हणून ओळखला जाई. म्हणून काय तो इंग्रज राहिला नाही? परकी भाषा शिकल्याने कोणी बाटत नाही. आपली सोडल्याने बाटतो.

बरे, साहेबाचे सोडा. आपल्यातलाच सर्वांत मोठा दाखला घ्या. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजीपुढे लंडनच्या गोलमेज परिषदेत भलेभले चूप बसले. ते इंग्रजी कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये घडले? परळच्या चाळीतल्या एका खोलीत, चहूबाजूंनी गिरण्यांचे भोंगे वाजत असताना! वडील रामजी सुभेदार लष्करातले शिक्षक. त्यांनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके पाठ करून घेतली. भाषांतर पाठमाला म्हणजे काय? मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी. एका हाताने आपली भाषा धरून दुसऱ्या हाताने परकी ओढून आणायची. याच बाबासाहेबांनी राज्यकर्त्यांशी भांडताना इंग्रजी वापरले, आणि आपल्या माणसांशी बोलायला 1920 साली 'मूकनायक', 1927 साली 'बहिष्कृत भारत' मराठीत काढला. 2 मार्च 1930 रोजी याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो दादासाहेब गायकवाडांनी मराठी माणसे मराठीत जागी करूनच लढवला. जोतीराव फुल्यांनी 1855 साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी त्याच्या आदल्याच वर्षी छापलेल्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, मराठी कवितेतून. या माणसांना इंग्रजी आणि मराठी यांत सवतीचे भांडण दिसले नाही. ते भांडण ज्यांची दुकाने त्यावर चालतात त्यांनी लावले आहे.

आमच्या कुसुमाग्रजांचे बघा. पिंपळगाव आणि नाशिकात शिकलेला हा माणूस. शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ' आणि 'ऑथेल्लो' त्याने मराठी रंगभूमीवर उतरवले, आणि मराठी शाळांसाठी शेवटपर्यंत भांडत राहिला. इंग्रजी पचवले, पण अंगात रक्त झाले ते मराठीचे.

जुन्या शाळांच्या पाट्या वाचल्यात कधी? गावोगावी 'न्यू इंग्लिश स्कूल'! चिपळूणकर-टिळकांनी 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात पहिली काढली, मग जिल्ह्याजिल्ह्यांत ते नाव पसरले. कालांतराने या शाळांत इतिहास-गणित मराठीतून आले आणि इंग्रजी एक विषय म्हणून राहिले. पाटी इंग्रजीची आणि शिकवणे मराठीतून. यात हसण्यासारखे काही नाही. त्या शाळांतूनच शेतकऱ्यांची पोरे डॉक्टर-इंजिनिअर झाली.

आता कोऱ्या माणसाला मराठीतून कसे शिकवावे त्याचा मासला देतो. "मी गिरणीत जातो." मराठीत क्रिया शेवटी येते, पाळी संपल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारासारखी. इंग्रजीत ती मध्येच घुसते: "आय गो टू द मिल." मी, जातो, मग गिरणी. आणि आपला 'त' गिरणीच्या पाठीमागे चिकटतो, त्यांचा 'टू' किंवा 'इन' गिरणीच्या पुढे उभा राहतो, फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखा. ही दोन वाक्ये मराठीत सांगायला दोन मिनिटे लागतात. 'इंग्रजीतूनच इंग्रजी'वाल्याच्या वर्गात पोरगे हे दोन वर्षे चाचपडत बसते, आणि "आय मिल टू गो" म्हटले की छडी खाते. मग ते 'द'चे प्रकरण. आपल्याकडे तसे काही नाहीच. पण "परवा एक साहेब आला होता" आणि "तो साहेब आज पुन्हा आला" यातला फरक प्रत्येक कामगाराला कळतो. पहिला 'अ', दुसरा 'द', एवढे सांगितले की निम्मे काम झाले. आपली लिपी इमानदार, लिहिले तसे वाचायचे. त्यांची लबाड: नाइफ लिहिताना पुढे 'के' काढायचा आणि बोलताना गिळायचा, मुकादमाने हजेरीत नाव मांडलेल्या पण कामावर नसलेल्या माणसासारखा. हे आधीच हसत सांगा, म्हणजे शिकणाऱ्याला वाटणार नाही की दोष आपल्या डोक्यात आहे. एक गोष्ट मात्र आम्हाला त्या भाषेची आवडते. साहेबालाही 'यू' आणि झाडूवाल्यालाही 'यू'. तू, तुम्ही, आपण यांची उतरंड तिथे नाही. साहेबासमोर उभे राहून ताठ मानेने 'यू' म्हणायला शिका!

शब्द किती लागतात? माणसाला भीती घालायला लाख सांगतात. ऑग्डेन नावाच्या इंग्रजाने 1930 साली 850 शब्दांत व्यवहार भागवून दाखवायचा घाट घातला. मायकेल वेस्ट याने 1953 साली सुमारे 2000 कामाच्या शब्दांची यादी छापली. त्यातले कितीतरी गिरणीने तुम्हाला फुकट दिलेच आहेत. हा वेस्ट डाक्क्याला शिक्षकांना शिकवायचा, आणि 1926 साली त्याने एक फार मोलाची गोष्ट मांडली. त्याने पाहिले की बंगालमधली बहुतेक पोरे शाळा अर्ध्यावर सोडतात, आणि शिकवणे असे रचलेले की शेवटपर्यंत गेलेल्यालाच त्याचा उपयोग. त्याने विम्याच्या पॉलिसीचा शब्द वापरला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडते? तुम्हाला हे समजावून सांगायला नको. किती जणांनी संपाच्या दिवसांत पॉलिसी मोडून पोरांच्या तोंडात घास घातला! शिक्षणाचेही तसेच असले पाहिजे. चौथीत शाळा सुटली तरी दुकानाची पाटी, औषधाची बाटली वाचता आली पाहिजे. सातवीत सुटली तर अर्ज भरता आला पाहिजे, पगाराची चिठ्ठी उलगडता आली पाहिजे. वेस्टचे म्हणणे होते की आधी वाचायला शिकवा, कारण तेवढेच टिकते. आम्हाला हे पटते. कामगाराला कागद फसवतो. तेव्हा आधी कागद वाचू द्या, बोलण्याचा नखरा मागाहून.

1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात लिहिले होते की कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत फाटकाजवळ लावावेत. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी काय दिसे ते तुम्ही पाहिले आहे: इंग्रजी कागद काचेत, मराठी कागद पावसात. राजभाषेचा कायदा महाराष्ट्राने 1964 साली केला. तरी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर किती जणांनी न वाचता सह्या केल्या? आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या साचेवाल्याने असाच अंगठा उठवला. कागदात काय होते ते त्याला नऊ महिन्यांनी कळले, तेही त्याच्या नातीने वाचून दाखवले म्हणून. ती नात मराठी शाळेतली.

2025 साली पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा आदेश निघाला. लोक उठले आणि 29 जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. तिसरीला हाकलले हे ठीकच. पण दुसरी तरी नीट शिकवा की!

आमचे मागणे सरळ आहे. पहिलीपासून इंग्रजी असू द्या, पण अर्थ मराठीतून सांगणारे, आणि मराठी माध्यमातच. प्राथमिक शिक्षकाला वर्षातून चार दिवसांचे शिबिर आणि वडापाव देऊन पाठवू नका. त्याला दोन-दोन महिने बसवून शिकवा, त्याच्या भाषेतून. मोठ्या माणसांसाठी पाळीच्या वेळा पाहून रात्रीचे वर्ग काढा. नाशिकला 1989 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी' असे त्याचे ब्रीद. तर ती गंगा मालेगावच्या मागाच्या खोल्यांपर्यंत येऊ द्या, कोऱ्या माणसासाठी इंग्रजीचे मराठीतून लिहिलेले पुस्तक घेऊन. आणि मालेगावात उर्दू बोलणाऱ्या भावांसाठी ते उर्दूतूनही लिहा. ज्याच्या घरात जी भाषा, तिच्या ओट्यावर त्याला बसू द्या. आईच्या भाषेचा हक्क आम्ही आमच्यापुरता मागत नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. तुमच्याकडे फंडाची चिठ्ठी असेल, म्हाडाचा कागद असेल, जुनी नोटीस असेल, बँकेचे पत्र असेल, ते ट्रंकेतून बाहेर काढा. चाळीत, वस्तीत एखादी दहावी झालेली पोरगी असतेच. तिला संध्याकाळी ओट्यावर बसवा, भोवती पाच-सहा जण बसा. एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी, वहीत समोरासमोर लिहा. अडलेला शब्द खाली रेघ मारून ठेवा. ज्या कागदाचा अर्थ दोन संध्याकाळीही लागला नाही, तो ज्या कचेरीतून आला त्या कचेरीत घेऊन जा आणि त्याची मराठी प्रत मागा, लेखी, तारीख घालून, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.